अतिथी कोण?

चिक्कडपल्ली, हैदराबाद
११ जून १९९५

चि. प्रभाकर,

तुला, अलकाला अक्काचे आशीर्वाद. तुझा लेक सुखरूप पोचला आणि पोचल्या दिवसापासून माझ्या घरातलं दूध संपवतो आहे. एसटीडीच्या दुकानातून बोलायचं म्हटलं तर मागे रांग उभी असते आणि समोर मीटर पळत असतं. मला मेलीला अशा वेळी काही सुचत नाही, म्हणून आपलं पत्रच बरं.

तू पोराला वेगवान गोलंदाज करायला धाडलंस, पण इथे पहिलं काम केलं ते त्याचा वेग काढून घेण्याचं. कुकटपल्लीच्या त्या औषध कंपनीने सहा मुलं घेतली आहेत. शिकवायला अप्पाराव म्हणून आहेत. आपल्यातलेच, जुने हैदराबादी, वडील निजामाच्या महसूल खात्यात होते. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की हा छाती फलंदाजाकडे करून टाकतो, असंच टाकत राहिला तर वर्ष-दोन वर्षांत कंबर मोडून घेईल. अंग आडवं वळवून, डाव्या खांद्यावरून बघत टाकायला शीक म्हणाले. तेव्हापासून चेंडू कुठे पडेल ते चेंडूलाच ठाऊक. एक वाइड, एक नो-बॉल, एक थेट नेटच्या छपरावर. बाकीची मुलं 'क्या रे देगलूर, पतंग उडा रा क्या?' म्हणून हसतात.

परवा करीमनगरच्या एका मुलाला परत पाठवलं. तो पिशवी भरत होता तेव्हा संदेश समोरच होता. त्या दिवशी घरी येऊन न्हाणीघरात नळ सोडून रडला. नळ सोडला की बाहेर ऐकू जात नाही असं या मुलांना वाटतं. तुझे भाऊजी म्हणतात, खेळच आहे, नाही जमला तर नाही. मलाही तसंच वाटतं. तुझं काय म्हणणं?

तुझी,
सरोजअक्का


देगलूर
१८ जून १९९५

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. रडतो तर रडू दे. रडल्याने कुणी बारीक होत नाही, आणि तुझ्या हातचं खाऊन तर नाहीच.

'नाही जमला तर नाही' हे भाऊजींना शोभतं, त्यांना पेन्शन आहे. संदेश बारावीला दुसऱ्यांदा नापास झाला, हे मी तुला सांगितलं नव्हतं. आमच्या तरुणपणी बँका खेळाडूला घरी बोलवून नोकरी द्यायच्या. आता सरकार स्वतःच्याच नोकऱ्या गुंडाळायला निघालं आहे आणि खाजगीवाल्यांना नापास मुलगा कशाला हवा? सप्टेंबरात मद्रासच्या वेगवान गोलंदाजांच्या शिबिराचे लोक या मुलांना बघायला येणार आहेत. एकालाच नेतील. तो एक संदेश असावा, एवढंच मी देवाकडे मागतो. दुसरं काही मागण्यासारखं माझ्याजवळ उरलेलं नाही.

अप्पाराव सांगतील ते देववाक्य. आपल्यातलेच आहेत म्हणतेस, तर जरा येणं-जाणं ठेव. त्यांनी कशालाही बोलावलं तरी नाही म्हणू नकोस.

तुझा,
प्रभाकर


चिक्कडपल्ली
३० जून १९९५

चि. प्रभाकर,

येणं-जाणं ठेव म्हणालास ना, ते आपोआपच झालं. अप्पारावांच्या पत्नी सावित्रीबाई स्वतः बस बदलत कुकटपल्लीहून आमच्याकडे आल्या. बाई फार गोड, पण डोळे कोरडे पडलेले. त्यांचा एकुलता एक मुलगा हेमंत तीन वर्षांपूर्वी काविळीने गेला. तोही वेगवान गोलंदाज. मद्रासला त्याचीच निवड होणार होती आणि आधल्या आठवड्यात अंथरूण धरलं. मुंज झालेली, लग्न नाही. म्हणजे घरात मुंजा राहिला. आपल्याकडे अशा मुलाच्या नावाने अमावास्येला एखादा मुंज झालेला, बिनलग्नाचा मुलगा पाटावर बसवून जेवू घालतात, तसं त्यांनी संदेशला बोलावलं होतं. मी पाठवला. सोवळं नेसवून, नवं जानवं घालून, अगदी शास्त्रशुद्ध. मला वाटलं, बाईंचा जीव निवेल आणि पोराचंही भलं होईल.

झालंही तसंच. कारल्याच्या पंचामृताला हात न लावणारं तुझं पोर तिथे मागून मागून पंचामृत खाऊन आलं. घरी येऊन संध्याकाळपर्यंत मेल्यासारखं झोपलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नेटमध्ये उतरलं, तर एक नो-बॉल नाही! तुझे भाऊजी बघायला गेले होते. म्हणाले, सरोज, कुणी तरी कळ फिरवावी तसा फिरला आहे पोरगा. अप्पाराव तर बघता बघता खालीच बसले म्हणे.

मी मारुतीला नारळ फोडला. तूही तिथे फोड.

सरोजअक्का


चिक्कडपल्ली
२९ जुलै १९९५

ती. बाबा,

सा. न. मी मजेत आहे. आईला सांगा, वजन वाढलंय.

बाबा, अ‍ॅक्शन बसली! पहिले मी टाकताना विचार करायचो, डावा पाय कुठे, खांदा कुठे, डोकं कुठे. सर ओरडायचे आणि मी अजून बिघडायचो. आता काहीच विचार करत नाही. मार्कवर उभा राहतो, आणि कोणीतरी मागून हल्लू पाठीवर हात ठेवून ढकलल्यासारखं होतं. मग पाय आपोआप पडतात. क्रीजपाशी पोचल्यावर जरा वेळ काहीच आठवत नाही. नंतर बघतो तर चेंडू यष्टिरक्षकाच्या हातात असतो आणि पोरं 'हौ भई हौ' करत असतात. आता मला देगलूर म्हणून कोणी चिडवत नाही. सर तर मला नावानेच हाक मारत नाहीत, नुसतं 'बाळ' म्हणतात.

दिव्यांच्या अवसेला परत सरांच्या घरी जेवायला गेलो होतो. आत्या नको म्हणत होती, एकाच मुलाला दोनदा बसवत नाहीत म्हणे. पण तुम्हीच सांगितलंय ना, सरांना नाही म्हणायचं नाही. त्यांच्या गच्चीवरून तळं दिसायचं. आता मधे अपार्टमेंट झालंय म्हणून दिसत नाही.

बाबा, एक विचारू? मी लहानपणी कधी सायकलवरून पडून हनुवटीला टाके घातले होते का? मला ते एकदम स्पष्ट आठवतं, पण हनुवटीला खूण नाही.

तुमचा,
संदेश


देगलूर
३ ऑगस्ट १९९५

ती. अक्का,

सा. न. संदेशचं पत्र शाळेत शिक्षकांच्या खोलीत मोठ्याने वाचून दाखवलं. हेडमास्तरांनी चहा मागवला. अठरा वर्षांत त्या माणसाने स्वतःहून चहा मागवलेला मी पाहिला नव्हता.

तू त्याला दुसऱ्यांदा जेवायला जाऊ देत नव्हतीस, असं तो लिहितो. अक्का, तू मॅट्रिक झालेली बाई! अप्पारावांच्या मनात संदेश भरला आहे, तर त्यात पाटाचा आणि पंचामृताचा विटाळ कशाला काढतेस? त्यांना त्याच्यात आपला मुलगा दिसत असेल. दिसू दे की. आपलं काय जातं?

हनुवटीला टाके कधीच नव्हते. पोरगा दमला असेल. दुधात हळद घालून दे.

प्रभाकर


चिक्कडपल्ली
८ ऑगस्ट १९९५

चि. प्रभाकर,

'आपलं काय जातं' म्हणतोस. नीट वाच आणि मग ठरव काय जातं ते.

गेल्या शुक्रवारी भर दुपारी मी गच्चीवर सांडगे उलथत होते. संदेश पलीकडच्या टोकाला चेंडूशिवायच गोलंदाजी करत होता. ही मुलं तशी करतात, नुसती धावतात आणि रिकामा हात फिरवतात, अंगाला सवय व्हावी म्हणून. दुपारचे बारा वाजले की आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. तो धावत आला, हात फिरवला, आणि माझ्या डोक्यामागच्या भिंतीवर चेंडू आदळला. टप्प! मी वळून पाहिलं. चेंडू नव्हता. भिंतीचा चुना तेवढा सांडग्यांवर पडला होता. पुन्हा धावला, पुन्हा टप्प. मी 'संदेश' म्हणून हाक मारली, तर लक्षच नाही. तीन-चारदा ओरडले. मग काय मनात आलं कोण जाणे, हळूच 'हेमंत' म्हटलं. तो तिथल्या तिथे थांबला आणि माझ्याकडे बघून हसला. त्या हसण्यात ओळख नव्हती रे. शेजारच्या बाईकडे बघून मूल हसतं तसं.

सगळे सांडगे मी फेकून दिले.

रविवारी अप्पारावांनी आम्हा दोघांना घरी बोलावलं. कंपनीने व्हिडिओ कॅमेरा घेतला आहे, मुलांचं चित्रण टीव्हीवर दाखवतात आणि चुका सांगतात. त्यांनी कॅसेट लावली. संदेश धावत येत होता, इतका देखणा की माझ्या तोंडून 'दृष्ट लागेल माझ्या पोराला' असं निघून गेलं. सावित्रीबाई रडायला लागल्या. अप्पाराव म्हणाले, 'ताई, संदेश नाही हा. हा आमचा हेमंत हाय. तीन वर्सांपूर्वीची कॅसेट हाय ही.' प्रभाकर, मी त्याला पाळण्यात घातलेली आत्या आहे. मला ओळखता आलं नाही.

अप्पाराव वाईट नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, 'ताई, मीबी समजतो सगळं. पण पोरगा मद्रासला जातो म्हणून आला हाय, एकदा जाऊन येऊ द्या त्याला.' कोणता पोरगा, हे मी विचारलं नाही. मला भीती वाटली.

आता ऐक. आपल्या भटजींना विचारलं. मुंजाच्या पाटावर बसायला मुलगा मुंजाच असावा लागतो. तेव्हा संदेशची सोडमुंज करून टाकायची. नाही तरी ती लग्नाआधी करावीच लागते. सोडमुंज झाली की तो मुंजा राहत नाही आणि मग त्याला त्या पाटावर कोणाला बसवता येत नाही. पण ती वडिलांनी करायची असते. पिठोरीच्या आत ये. भटजींनी बजावलं आहे, पिठोरीच्या आतच.

कदाचित गोलंदाजी जाईल. भटजींना त्यातलं कळत नाही, पण मला वाटतं जाईल. जाऊ दे. तू ये.

अक्का


देगलूर
१४ ऑगस्ट १९९५

ती. अक्का,

सा. न. पत्र वाचलं. उन्हाचं गच्चीवर जात जाऊ नकोस.

तू खोटं लिहिणार नाहीस हे मला माहीत आहे. म्हणून खरंही मानलं. रात्रभर विचार केला. पण तूच लिहितेस की सोडमुंज केली तर कदाचित गोलंदाजी जाईल. मग मी काय करू? पोराला हाताला धरून घरी आणू आणि तिसऱ्यांदा बारावीला बसवू? इथे देगलूरात त्याच्या वयाची मुलं बसस्टँडवर बसून असतात. सकाळी बसतात ती संध्याकाळी उठतात. मी रोज शाळेत जाताना बघतो.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी निवड आहे. ती होऊ दे. झाली की दुसऱ्याच दिवशी भटजी घेऊन येतो, सोडमुंज काय, सांगशील ते करतो. तीन आठवड्यांचाच तर प्रश्न आहे. तोवर सांभाळ.

प्रभाकर

अक्का, हे पाकीट पोस्टात टाकायला ह्यांनी माझ्याजवळ दिलं, म्हणून खाली लिहिते. दर पिठोरीला मी खीरपुरीचं ताट डोक्यावरून मागे धरते आणि 'अतिथी कोण?' विचारते, तेव्हा संदेश मागे उभा राहून 'मी संदेश' म्हणतो आणि ताट घेतो. यंदा मागे कोणी नाही. तुम्हीच तेवढं ताट धरा आणि त्याच्याकडून म्हणवून घ्या. निवडीचं मला काही नको. — अलका


चिक्कडपल्ली
२८ ऑगस्ट १९९५

प्रभाकर,

मी पिठोरीची सगळी तयारी केली होती. पाटावर पिठाच्या मूर्ती, खीर, पुऱ्या. अलकाच्या नावाने ताट मीच धरणार होते. संदेश सकाळी सरावाला गेला तो आलाच नाही. चार वाजता मी रिक्षा केली आणि तुझ्या भाऊजींना न सांगता कुकटपल्लीला गेले.

दार उघडंच होतं. देवघरात सावित्रीबाई पूजेला बसल्या होत्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी हे व्रत सोडलं होतं, यंदा पुन्हा धरलं. त्यांनी ताट डोक्यावरून मागे धरलं. मी उंबऱ्यात होते. मी जिवाच्या आकांताने म्हटलं, 'संदेश, बोलू नको!' त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

त्यांनी विचारलं, 'अतिथी कोण?'

तो म्हणाला, 'मी हेमंत.'

सावित्रीबाई वळल्या नाहीत. वळून बघायचं नसतं. त्यांच्या डोक्यावरून ताट मागे गेलं आणि त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं. अप्पाराव भिंतीला धरून उभे होते. त्यांच्या तोंडावर आनंद होता असं मी म्हणणार नाही. मीही तिथे काही करू शकले नाही, नुसती रडत परत आले.

त्याचे कपडे माझ्याकडेच आहेत. न्यायला आला नाही. तिथे त्याच्या मापाचे कपडे आहेत.

तू तुझ्या रविवारची वाट बघ.

अक्का


देगलूर
२४ सप्टेंबर १९९५

प्रिय संदेश,

घरी परत आल्यापासून मी झोपलेलो नाही. मी येऊन गेलो ते तुला आठवत असेलच. तू अप्पारावांच्या फाटकात उभा होतास. मी तुझं नाव घेतलं, तेव्हा तू नम्रपणे म्हणालास, 'काका, कोणाकडे आलात? आत या, अण्णा आहेत.' मी हसलो. मला वाटलं, चेष्टा करतो आहेस. तू मला पाणी आणून दिलंस. बरोबर आणलेल्या भटजींनी सोडमुंजीचं काढलं, तेव्हा म्हणालास, 'माझी? ती माझे वडील करतील ना, लग्नाच्या वेळी.' आणि आतल्या खोलीकडे बघितलंस.

तुझी निवड झाली हे मी वर्तमानपत्रात वाचलं होतं. बातमीत नाव संदेशच होतं. ते कात्रण खिशात घेऊन आलो होतो, तुला दाखवायचं राहून गेलं.

बाळा, चूक माझी आहे. अक्काने सांगितलं होतं, तुझ्या आईने सांगितलं होतं. मी तीन आठवडे मागून घेतले. मला मद्रास नको. नोकरी नको. तू बसस्टँडवर बसलास तरी चालेल, मी तुझ्याशेजारी येऊन बसेन. वाइड टाक, नो-बॉल टाक, छाती पुढे करून टाक, कंबर मोडली तर मी उचलून घरात आणेन. पण ये.

तुझी आई दारात बसून असते. तिने माझ्याशी बोलणं टाकलं आहे.

तुझा बाप,
प्रभाकर


मद्रास
१२ ऑक्टोबर १९९५

आदरणीय प्रभाकरकाका,

नमस्कार. आपलं पत्र घरून अण्णांनी इकडे पाठवलं. ते संदेश नावाच्या मुलाला आहे, पण पत्ता आमच्या घरचा असल्यामुळे मी उघडलं. माफ करा. पुरं वाचलं आणि फार वाईट वाटलं. आपण त्या दिवशी घरी आला होतात, तेव्हा मला नीट उत्तर देता आलं नाही. अण्णा म्हणाले, त्यांचा मुलगा हरवला आहे, त्यांना दुखवू नको.

इथे सगळं चांगलं आहे. समुद्राची हवा आहे, चेंडू खूप स्विंग होतो. प्रशिक्षक म्हणतात, या मुलाला शिकवण्यासारखं काही नाही, हा शिकूनच आला आहे.

काका, आपल्याला लिहावं की नाही, खूप विचार केला. पण आपण वडील आहात, आपल्याला कळायला पाहिजे. मी गोलंदाजीसाठी मार्कवर जातो, तेव्हा तिथे एक मुलगा उभा असतो. माझ्याच वयाचा आहे. दुसऱ्या कोणाला दिसत नाही. मी धावत गेलो की तो तिथेच राहतो, परत आलो की असतो. पहिले मी घाबरलो, आता सवय झाली. तो माझ्या पाठीवर हात ठेवतो आणि मग मला चांगला वेग येतो. तो अंगाने थकलेला दिसतो. सोवळं नेसलेला असतो आणि त्याला ऊन लागतं.

तो जास्त बोलत नाही. रोज एकच विचारतो, माझी निवड झाली हे बाबांना कळलं का, आणि ते खूश झाले का.

मी त्याला अजून काही सांगितलेलं नाही. काय सांगू ते कळवा.

आपला,
हेमंत